घरातली एकत्र प्रार्थना: काय आधी, काय नंतर

ऑक्टोबर आला की नागपुरातल्या आमच्या कॅथलिक पॅरिशमध्ये (एका चर्चशी जोडलेल्या घरांत) घरोघरी रोझरी, म्हणजे माळेच्या मण्यांवर म्हणायची मारियेची प्रार्थना, सुरू होते. महिनाभर माळ या घरातून त्या घरात फिरते, अंगणात खुर्च्या मांडल्या जातात, शेवटी चहा होतो. नोव्हेंबरात त्याच घरांत विचारावं, "आता घरच्या घरी म्हणता का?" तर उत्तर ठरलेलं असतं: "सुरू केलं होतं जी, पण जमलं नाही."

मोहननगरपासून मानकापूरपर्यंत बऱ्याच घरांत मी हे उत्तर ऐकलंय, आणि काही वर्षांपूर्वी स्वतःही दिलंय. श्रद्धा कमी पडली असं क्वचितच असतं. चुकतो तो क्रम. आपण पहिल्याच दिवशी पुस्तक उघडतो. वेळ कोणती, बसायचं कुठे, म्हणायचं कोणत्या भाषेत, पुढाकार कोणाचा, हे काहीच ठरलेलं नसतं. मग आठ दिवसांत ते सगळं भांडणातून ठरायला लागतं. म्हणून खाली टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने घ्या. पाठ करायच्या प्रार्थना चौथ्या टप्प्यात येतात, तोवर धीर धरा.

टप्पा १: वेळ घड्याळाला नको, ताटाला बांधा

एका रविवारी मिस्साहून (चर्चमधल्या उपासनेहून) आल्यावर सगळ्यांना बसवा. "उद्यापासून आपल्या घरी प्रार्थना" असं फर्मान काढू नका. एका कागदावर सात दिवस लिहा आणि कोण किती वाजता घरी असतं ते प्रत्येकाला स्वतःच्या हाताने भरू द्या. थोरल्याची शिकवणी साडेआठला सुटते, हे बापाला तेव्हाच कळतं, असं मी एकाहून जास्त घरांत पाहिलंय.

आता त्या कागदावर अशी एक गोष्ट शोधा जी तुमच्या घरी रोज होतेच होते. बहुतेक घरांत ती रात्रीचं जेवण असते. प्रार्थना तिच्या बरोब्बर आधी ठेवा: भाजी गॅसवरून उतरली, ताटं मांडली, वाढायच्या आधी प्रार्थना. "रात्री नऊला" असं ठरवलेलं मोडतं, कारण नऊला कोणी आंघोळीला गेलेलं असतं, कोणाचा फोन चालू असतो. ताट मांडल्यावर मात्र सगळे आपोआप येतात. जेवणानंतर ठेवू नका. लहानगी पेंगतात, मोठी अंग टाकतात, आणि भांडी घासणारी बाई (बहुधा आईच) मनाने ओट्यापाशीच असते.

कोराडीच्या वीज केंद्रात किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत पाळीवर जाणारं, नाहीतर रेल्वेच्या रनिंग ड्युटीवर असणारं कोणी घरात असेल तर एक नियम आधीच बोलून ठेवा: घरात जे असतील ते बसतील, दोघं असले तरी पुरे. मत्तयच्या १८व्या अध्यायात येशूने दोघा-तिघांचाच हिशेब सांगितलाय. "बाबा आले की म्हणू" या एका वाक्याने जितक्या घरांतली प्रार्थना बंद पडली, तितकी दुसऱ्या कशाने पडली नसेल.

तपासा: घरातल्या सगळ्यात लहान मुलाला विचारा, "आपण प्रार्थना कधी करतो?" आकडा न सांगता "ताटं मांडल्यावर" असं उत्तर आलं की वेळ बसली.

टप्पा २: जागा, आणि कूलर

वेगळी खोली लागत नाही. एक कोपरा हवा, जिथे बसल्यावर टीव्ही समोर येणार नाही. बंद टीव्हीसुद्धा नको, कारण रिमोट हाताशी असतोच. भिंतीवर क्रूस किंवा पवित्र हृदयाची तसबीर, खाली छोटं टेबल, त्यावर बायबल, मेणबत्ती, काड्यापेटी, एक वही आणि माळा ठेवायला वाटी. मेणबत्तीखाली स्टीलची ताटली हवीच. आजी-आजोबांसाठी खुर्ची. गुडघे टेकायचा आग्रह पहिल्या महिन्यात कोणालाच करू नका.

आता कूलर. बाहेरच्या कोणाला हे किरकोळ वाटेल, पण एप्रिल ते जून आपल्याकडे प्रार्थना याच्यामुळेच बंद पडते. कूलर चालू असला की मागे बसलेल्याला काही ऐकू येत नाही, मेणबत्ती विझते. बंद केला तर पाच मिनिटांत मुलं कपडे ओढायला लागतात, म्हाताऱ्यांना तर धाप लागते. हट्ट धरू नका. कूलर कमी वेगावर ठेवा, त्याच्या समोर न बसता बाजूला बसा, म्हणणाऱ्याला मधोमध बसवा. गच्चीवर जायचा विचार करू नका, रात्री नऊलाही स्लॅब तापलेला असतो. नवतपात, म्हणजे मे अखेरीच्या सगळ्यात तापत्या नऊ दिवसांत, तर आम्ही सरळ सकाळी सहाला करतो, पहिल्या चहाआधी. ऋतू बदलला की वेळ बदलायला हरकत नाही. बदल मात्र आधी जाहीर करून करा, गुपचूप नको.

मोबाईल एका टोपलीत, आणि आईबाबांचे आधी. मुलं हेच बघत असतात.

सावधान: यूट्यूबवर रोझरी लावून भोवती बसणं म्हणजे एकत्र प्रार्थना नव्हे. फोन म्हणतो, माणसं ऐकतात, आणि मध्ये जाहिरात आली की सगळे हसतात. प्रवासात एकट्याने ऐकायला ती चांगली सोय आहे, घरी नको.

तपासा: तुमचं बायबल कॅथलिक आवृत्तीचं आहे का? त्यात ७३ पुस्तकं असतात. दुकानात सहज मिळणारी मराठी प्रत बहुधा ६६ पुस्तकांची असते. अनुक्रमणिकेत तोबित आणि मक्काबी सापडतात का ते बघा. नसतील तर ती प्रत टाकायची नाही, शुभवर्तमानं (येशूच्या जीवनाची चार पुस्तकं) तिच्यातही पूर्ण आहेत. फक्त मिस्सातलं एखादं वाचन तिच्यात सापडणार नाही, म्हणून गोंधळू नका.

टप्पा ३: भाषेचा तह

नागपुरातल्या कॅथलिक घरात एकच भाषा असेल तर हा टप्पा सोडून द्या. पण माझ्या ओळखीत अशी घरं थोडी. आजी केरळची, तिची कोंथा (रोझरी) मल्याळममध्ये. आई गोव्याकडची, तिला तेर्स (तीच रोझरी) कोकणीतून येतं. बाप इथेच वाढलेला, मराठी बोलतो पण "नमो मारिया" ही रोझरीत दर मण्याला म्हणायची प्रार्थना "प्रणाम मरिया" अशी हिंदीतून म्हणतो. पोरं कॉन्व्हेंटमधली, त्यांना सगळं इंग्रजीत पाठ. अशा घरात "चला, नमो मारिया म्हणा" म्हटलं की चार जण चार दिशांना जातात.

प्रत्येकाने एकाच वेळी आपापल्या भाषेत उत्तर द्यायचं, हा प्रयोग आम्ही करून बघितला. चालत नाही. एका भाषेतली ओळ लवकर संपते, दुसरीतली रेंगाळते, आणि दहाव्या मण्यापर्यंत नुसता गलका होतो.

चालतं ते असं. त्या दिवशी जो पुढे म्हणणार, तो प्रार्थनेचा पहिला अर्धा भाग स्वतःच्या भाषेत म्हणेल. दुसरा अर्धा भाग सगळे मिळून एका ठरलेल्या भाषेत. ती भाषा घरातल्या सगळ्यात लहानाला कळणारी हवी. फक्त आजीची पाळी असेल तेव्हा उत्तरही आजीच्या भाषेत. एका वाक्याचंच उत्तर आहे, मुलं आठवड्याभरात शिकतात. आपल्या भाषेत नातवंडं उत्तर देतायत हे ऐकून एका आजींच्या हातातली माळ थांबलेली मी पाहिली आहे.

बायबलचं वाचन मात्र कळणाऱ्या भाषेतच. तिथे तह नाही.

टप्पा ४: पहिले तीन आठवडे काय म्हणायचं

सगळ्यात जास्त चूक इथे होते. उत्साहात पहिल्या दिवशी पाच दशकांची (दशक म्हणजे दहा मण्यांचा गट) रोझरी, तिला जोडून लितानी (विनवण्यांची लांब यादी), मग नोव्हेना (नऊ दिवसांची प्रार्थना), मग गाणं. पाऊण तास. दुसऱ्या दिवशी अर्धा तास. पाचव्या दिवशी कोणाचं तरी डोकं दुखतं.

हिशेब करा. पाच दशकांच्या रोझरीत सुरुवातीचे तीन धरून ५३ नमो मारिया होतात. घाई न करता म्हटली तर वीसेक मिनिटं लागतात. एका दशकाला तीन-चार मिनिटं. नव्या घराला रोज वीस मिनिटं झेपत नाहीत, चार झेपतात.

पहिला आठवडा, पाच मिनिटं. क्रुसाची खूण. एक मिनिट शांतता. प्रत्येकाने आज देवाला कशासाठी धन्यवाद, ते एका वाक्यात. प्रभूची प्रार्थना, एक नमो मारिया, एक त्रैक्याचा गौरव. शेवटी आईबाबांनी मुलांच्या कपाळावर क्रुसाची खूण करायची. हे शेवटचं गाळू नका. गोव्याकडच्या घरांत मुलं बेसांव (आशीर्वाद) मागतात, केरळच्या घरांत मोठ्यांना स्तुती देतात (येशूची स्तुती असो, असं म्हणतात). तुमच्या घरची जी पद्धत असेल ती परत आणा. बाकी प्रार्थनेत चुळबुळ करणारं मूलही यासाठी थांबतं.

दुसरा आठवडा, आठ मिनिटं. वरचं सगळं, त्यात शुभवर्तमानातल्या पाच ते दहा ओळी. कसं वाचायचं ते पुढच्या टप्प्यात.

तिसरा आठवडा, दहा-बारा मिनिटं. आता माळ हातात घ्या. रोज एकच दशक, आणि ते म्हणताना येशू-मारियेच्या आयुष्यातला एक प्रसंग मनात आणायचा; त्यालाच रहस्य म्हणतात. सोमवार व शनिवार आनंदाची रहस्यं, मंगळवार व शुक्रवार दुःखाची, बुधवार व रविवार गौरवाची, गुरुवार प्रकाशाची. त्या दिवसाच्या पाचांतलं एक निवडा, पुढच्या वेळी दुसरं.

इथे हमखास एक वाद होतो. आजीच्या जुन्या पुस्तकात प्रकाशाची रहस्यं नसतात, गुरुवारी आनंदाची आणि शनिवारी गौरवाची दिलेली असतात. पुस्तक चुकीचं नाही. प्रकाशाची रहस्यं पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ मध्ये जोडली, पुस्तक त्याआधीचं आहे. आजी पुढे म्हणत असेल त्या दिवशी आजीचं पुस्तक चालू द्या.

पूर्ण रोझरी चौथ्या आठवड्यानंतर, आणि तीही आठवड्यातून एकदा, शनिवारी किंवा रविवारी. "एवढीशी प्रार्थना कसली?" असं घरातलं कोणी म्हणेलच. पोप फ्रान्सिस यांनी २०१६ मध्ये कुटुंबावर लिहिलेल्या 'अमोरिस लेतिसिया' या पत्राचा ३१८वा परिच्छेद त्यांना वाचायला द्या. रोजची थोडी मिनिटं काढा, असंच तिथे सांगितलंय.

सावधान: चुकलेल्या दिवसांची थकबाकी भरू नका. "काल राहिली, आज दोन दशकं" सुरू झालं की प्रार्थनेचा हप्ता होतो. गेला तो दिवस गेला.

टप्पा ५: वाचन

वाचणाऱ्याला उतारा सकाळीच सांगा, म्हणजे तो एकदा नजरेखालून घालेल. अडखळत वाचणाऱ्या मुलाला सगळ्यांसमोर दुरुस्त केलं की ते पुढच्या वेळी "घसा बसलाय" म्हणतं.

सुरुवात मार्कच्या शुभवर्तमानापासून करा. चारांत तेच सगळ्यात लहान, १६ अध्यायांचं, आणि त्यात गोष्टी पटापट पुढे सरकतात. शनिवारी मात्र उद्याच्या मिस्साचं शुभवर्तमान वाचा. रविवारी चर्चमध्ये तेच वाचलं जातं तेव्हा लहानगी कोपराने ढोसतात: "हे तर आपण काल वाचलं!" फादरांचं प्रवचनही मग त्यांच्या कानावरून जात नाही.

वाचून झाल्यावर अर्धा मिनिट गप्प. मग प्रत्येकाने लक्षात राहिलेला एक शब्द किंवा एक ओळ सांगायची. कारण सांगायची सक्ती नाही. "काहीच नाही" हेही उत्तर चालतं.

सावधान: बाप लोकहो, इथे प्रवचन सुरू करू नका. एका ओळीवरून "म्हणून मी म्हणतो गणितात लक्ष घाल" इथपर्यंत पोचायला तुम्हाला दीड मिनिट पुरतं.

टप्पा ६: विनंत्या, म्हणजे टोमणे नव्हेत

हा टप्पा मी स्वतः मोडलाय, म्हणून सविस्तर लिहिते. माझा मुलगा दहावीत होता. मी रोज हात जोडून म्हणायची, "प्रभू, याला अभ्यासाची बुद्धी दे, मोबाईलपासून दूर ठेव." मला वाटायचं मी प्रार्थना करतेय. एके दिवशी त्याने त्याच सुरात म्हटलं, "प्रभू, आईला जे माझ्याशी बोलायचंय ते माझ्याशी बोलायची शक्ती दे." नवरा हसला, मी चिडले, ताटावरून उठले. चूक माझीच होती, हे कळायला दोन दिवस लागले.

देवाच्या नावाने घरच्यांना ऐकवणं हा प्रकार घरोघरी आहे. "सुनेला सुबुद्धी दे." "ह्यांची ती सवय सुटू दे." ज्याच्यासाठी मागणं चाललंय तो मान खाली घालून बसतो आणि पुढच्या आठवड्यापासून त्याला प्रार्थनेच्या वेळीच बाहेर काम निघतं.

यासाठी आम्ही तीन नियम केले. पहिला: क्रम धन्यवाद, मग माफी, मग मागणं. माफी स्वतःच्या चुकीची. दुसरा: समोर बसलेल्या माणसासाठी मागायचं तर त्याला आधी विचारायचं, "तुझ्यासाठी काय मागू?" पोरगा म्हणाला, "उद्या प्रॅक्टिकल आहे, हात थरथरू नयेत." इतकी नेमकी विनंती मला कधीच सुचली नसती. तिसरा: घरातलं कर्ज, आजार, सोयरिकीची बोलणी हे पाहुण्यांसमोर विनंत्यांमध्ये आणायचं नाही. मोहल्ल्याच्या रोझरीत तर मुळीच नाही.

कोपऱ्यातली ती वही इथे कामाला येते. विनंती एका ओळीत, तारखेसह. महिन्याच्या शेवटी मागची पानं वाचा आणि पुऱ्या झालेल्यांपुढे खूण करा. ज्या झाल्या नाहीत त्यांचं काय करायचं, यावर मुलं अवघड प्रश्न विचारतील. "मलाही नाही माहीत, पण मागत राहू" इतकं उत्तर प्रामाणिक आहे, तेवढंच द्या.

टप्पा ७: कामं वाटा

पाच वर्षांच्या आतलं मूल: मेणबत्ती विझवणं. (पेटवणं मोठ्यांनी.) या एका कामासाठी ते आईला ओढत आणतं. सहा ते बारा: माळा वाटणं, रहस्याचं नाव सांगणं, पाळीप्रमाणे एक दशक पुढे म्हणणं. वडीलधाऱ्यांकडे गेलेल्या माणसांची नावं घेणं द्या. घरात कोण कधी गेलं हे त्यांनाच पाठ असतं.

तेरा ते अठरा: यांना बळजबरीने बसवाल तर अंगाने येतील, मनाने नाही. गिटार येत असेल तर गाणं त्यांचं, नाहीतर शनिवारचा उतारा त्यांनी निवडायचा. एखाद्या दिवशी आले नाहीत तर त्यांच्या खोलीच्या दारात उभं राहून मोठ्याने म्हणू नका. ताट त्यांचंही मांडायचं, बस.

नवरा किंवा बायको कॅथलिक नसेल तर जोडीदाराला आधीच सांगा की तुम्ही फक्त सोबत बसलात तरी चालेल, शब्द म्हणायची गरज नाही. धन्यवादाचं वाक्य कोणालाही म्हणता येतं, त्यात त्यांना जरूर घ्या. सासरच्यांपुढे हा विषय वादाचा करू नका.

टप्पा ८: मोडते तेव्हा

मोडणारच. परीक्षा, लग्नघर, दवाखाना, गावाहून आलेले पाहुणे.

पाहुणा नेमका प्रार्थनेच्या वेळी आला तर त्याला बसवून वीस मिनिटं ताटकळत ठेवू नका. एक प्रभूची प्रार्थना म्हणा, तो कोणत्याही धर्माचा असो, आणि मग त्याचंही पान वाढा.

घरात भांडण झालेलं असेल त्या दिवशी विनंत्या नको, वाचन नको. फक्त प्रभूची प्रार्थना, सावकाश. "आमच्या अपराधांची क्षमा कर" या ओळीपाशी कोणाचा आवाज बारीक होतो ते सगळ्यांना ऐकू येतं. त्यावर बोलू नका.

आठ-पंधरा दिवस खंड पडला तर थेट तिसऱ्या आठवड्याच्या यादीवर येऊ नका. पहिल्या आठवड्याची पाच मिनिटांची यादी काढा आणि तिथूनच परत चढा. ही पायरी लोक लाजेपोटी टाळतात.

टप्पा ९: वर्षाचे दिवस

रोजचं तेच ते वाटायला लागलं की चर्चचं वर्ष मदतीला येतं. आगमनकाळात (नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळात) चार मेणबत्त्यांचं चक्र करा, तीन जांभळ्या, एक गुलाबी. दर रविवारी एक जास्त पेटवायची, गुलाबी तिसऱ्या रविवारी. आपल्याकडे सूचिपर्णीच्या फांद्या शोधत बसू नका, अंगणातल्या कुठल्याही हिरव्या पानांनी चक्र होतं. २४ जानेवारीला संत फ्रान्सिस डी सेल्सचा सण असतो. सदर भागातलं आपलं कॅथेड्रल (मुख्य चर्च) त्यांच्याच नावाचं आहे, तेव्हा त्या दिवशी त्यांची गोष्ट मुलांना सांगा. मे आणि ऑक्टोबर मारियेचे महिने.

प्रायश्चित्तकाळात (ईस्टरआधीच्या उपवासाच्या दिवसांत) क्रुसाची वाट, म्हणजे येशूच्या दुःखाच्या चौदा प्रसंगांची प्रार्थना, घरी करायची असेल तर चौदाही स्थानकं एका बैठकीत घेऊ नका. राखेच्या बुधवारानंतरच्या (हा काळ त्याच बुधवारी सुरू होतो) शुक्रवारपासून उत्तम शुक्रवारपर्यंत (गुड फ्रायडे) सात शुक्रवार येतात. दर शुक्रवारी दोन स्थानकं. उत्तम शुक्रवारी शेवटची दोन, क्रुसावरून उतरवणं आणि कबर. हा मेळ मला एका शुक्रवारी मुलांच्या वहीत आकडे लिहिताना दिसला, तेव्हापासून आम्ही असंच करतो.

तपासा: दोन महिन्यांनी हे बघा. पुढाकार घेणारी व्यक्ती (बहुतेक घरांत आई) एक दिवस माहेरी किंवा कामाला बाहेर असेल तेव्हा घरी मेणबत्ती पेटली का? पेटली नसेल तर परत आल्यावर रागावू नका. काड्यापेटी कुठे असते, आज कोणतं रहस्य, उतारा कुठे थांबलाय, हे सगळं वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि पुढच्या आठवड्यात घरी असतानाच एक दिवस मुद्दाम मागे बसा.